हापूस बागायतदाराकडून थेट घेतला, तर साखळी कशी चालते?

मधले दुवे वगळल्यावर नेमके काय बदलते, असा आपला प्रश्न आहे. सर्वांत आधी दर ठरण्याची वेळ बदलते. नेहमीच्या वाटेने पेटी वाशीच्या बाजारात अडत्याकडे, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडे, जाते आणि भाडे, हमाली वजा होऊन उरलेल्या रकमेची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, बागायतदाराच्या हाती मागाहून पडते. माल त्याचा असूनही दर त्यालाच शेवटी कळावा, हे मला अन्यायाचे वाटते. थेट विक्रीत देवगडचा किंवा रत्नागिरीचा बागायतदार दर आधी सांगतो, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवलेल्या फळांची वजनानुसार प्रतवारी करतो आणि भाताच्या पेंढ्यात भरलेली पेटी मुंबई-पुण्याला पाठवतो. राज्याने 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त केल्यामुळे बाजार समितीबाहेरच्या या विक्रीला मोकळीक मिळाली, तर 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन लाभले.

जोखीम मात्र संपत नाही, ती बागायतदाराकडे सरकते. वाटेत दबलेले किंवा आत साका (गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) निघालेले फळ त्यालाच भरून द्यावे लागते. म्हणून डागी फळांबाबतची अट मागणी नोंदवतानाच स्पष्ट करून घ्यावी, आणि आंबा कच्चा आला तर तक्रार न करता पेंढ्यात एकेरी पसरून देठाजवळ वास सुटेपर्यंत थांबावे.