वाचकांचे प्रश्न : वेर्दोंची घळई आणि अंजनेरीचे कडे

प्रश्न : माझी भाची दक्षिण फ्रान्समध्ये शिकते. तिने वेर्दों नदीच्या घळईची छायाचित्रे पाठवली आहेत. सरळ तुटलेले पांढुरके कडे, तळाशी हिरवट-निळे पाणी आणि वर घिरट्या घालणारी गिधाडे त्यांत दिसतात. आपल्या त्र्यंबकला एवढा पाऊस पडूनही गोदावरीने अशी घळई का कोरली नाही? तिथली गिधाडे अंजनेरीच्याच जातीची आहेत का? मे महिन्यात आम्ही दोघी त्या घळईत पायी उतरणार आहोत, तेव्हा काय सांभाळावे?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणत्या दगडावर पडतो, यावर दरीचे रूप अधिक ठरते. वेर्दोंचे कडे चुनखडकाचे आहेत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, तिथे उथळ व उबदार समुद्र होता. त्यातील प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे थर साचून, दबून हा खडक झाला आणि पुढे आल्प्स पर्वत वर उचलला जात असताना नदी त्यात खाली खाली उतरत गेली. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, आणि असे पाणी चुनखडक झिजवते त्याहून अधिक तो विरघळवते. ते भेगांत शिरते, भेगा रुंदावते आणि जमिनीखालूनच वाट काढते. त्यामुळे वर ओढे-नाले फारसे उरत नाहीत, काठ बाजूने कापून उतरते करायला कोणी राहत नाही, आणि नदी मात्र तळ खणत राहते. सुमारे २५ किलोमीटर लांबीची ही घळई काही ठिकाणी ७०० मीटर खोल आहे; तळाशी तिची रुंदी कित्येक जागी काही मीटरच भरते.

आपला सह्याद्री लाव्हाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. त्यांतले काही घट्ट, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला हा काळा खडक, चुनखडकासारखा विरघळत नाही. तो उन्हापावसाने कुजतो, फुटतो, ढासळतो. म्हणून ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी लांबून पाहिल्यास कडा, मग उतार, पुन्हा कडा अशी पायऱ्यांची रचना दिसते. चुनखडक ज्या खनिजाचा बनतो ते कॅल्साइट आपल्याकडेही सापडते, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येईल, परंतु ते बेसॉल्टच्या पोकळ्यांत साठलेले असते. त्याचे डोंगर नाहीत. गुहांचेही तसेच आहे. चुनखडकात पाणी आपसूक गुहा करते, तर पांडवलेण्यासाठी माणसाला छिन्नी चालवावी लागली.

अशा कड्यांवर जी सृष्टी टिकते ती बहुधा इतरत्र टिकत नाही. वेर्दोंच्या कपारींत नेच्याची एक लहानशी जात, आस्प्लेनियम जाहान्दिएझी, वाढते आणि ती जगात फक्त तिथेच आहे. (आपल्या अंजनेरीचे नाव मिरवणारे कंदीलपुष्पही असेच कड्याच्या आधाराने राहणारे.) नदीत आप्रों नावाचा वीतभर मासा आहे, त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो, आणि तो आज अतिशय दुर्मीळ झाला आहे.

आता गिधाडांविषयी. तिथली ग्रिफॉन गिधाडे आणि अंजनेरीची लांब चोचीची गिधाडे जिप्स या एकाच प्रजातीतील दोन वेगळ्या जाती आहेत. दोन्ही कड्यावर घरटे करतात, वर्षाला एकच अंडे घालतात, आणि पिल्लू उडण्याजोगे व्हायला कित्येक महिने लागतात; म्हणूनच एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. माणसाच्या छळामुळे ग्रिफॉन वेर्दोंच्या परिसरातून नाहीसे झाले होते. १९९९ पासून रूगों या गावाजवळून ते पुन्हा सोडण्यात आले आणि आज तिथे ते सुखाने नांदतात, कारण भोवतालच्या मेंढपाळांच्या मेलेल्या मेंढ्या त्यांना मिळतात. आपल्याकडे कडे होते तसेच राहिले, पण जनावरांच्या मृतदेहांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आले आणि त्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी केली. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. हरसूलजवळच्या खोरीपाडा येथे वनविभाग आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी सुरक्षित खाद्य उपलब्ध करून देतात. आमच्या मते अंजनेरीचा कडा राखण्याइतकेच ते काम मोलाचे आहे.

पायी उतरण्याविषयी : १९०५ मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या गुहा-संशोधकाने ही घळई तळाने पार केली. त्याच्या नावाची वाट सुमारे १५ किलोमीटरची असून तिच्यावर अर्धवट सोडलेल्या जलविद्युत योजनेचे बोगदे लागतात. सर्वांत लांब बोगदा साडेसहाशे मीटरहून अधिक आहे आणि आत मिट्ट काळोख असतो, त्यामुळे विजेरी हवीच. वरच्या बाजूला धरणे आहेत. पाणी सोडल्यावर पातळी एकाएकी चढते. म्हणून पाणी कितीही उथळ वाटले तरी ते ओलांडून पलीकडच्या काठाला जाऊ नये.