वाचकांचे प्रश्न : ‘मला ताप आलाय’ इंग्रजीत कसं शिकवायचं?

प्रश्न : परदेशी मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांना मी इंग्रजी शिकवते. आजारांची चाळीसेक नावं त्यांची पाठ आहेत. तरी डॉक्टर-पेशंटचा संवाद करायला उभं केलं की ‘फीव्हर इज कमिंग टू मी’, ‘माय हेड इज पेनिंग’ असंच येतं. सल्ला द्यायचा तर सगळे हुकूम सोडतात. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अडचण वाक्याच्या कर्त्यात आहे. मराठीत ताप येतो, सर्दी होते, चक्कर येते. माणूस नुसता ‘मला’ म्हणून बाजूला उभा. इंग्रजीत माणूस पुढे येतो : आय हॅव अ फीव्हर. म्हणून नावं थांबवा आणि पहिले दोन तास फळ्यावर तीनच साचे ठेवा. ‘आय हॅव’पुढे आजार, ‘आय फील’पुढे डिझी, वीक यांसारखं जाणवणं आणि अवयवासाठी ‘माय नी हर्ट्स’. ‘पेनिंग’ चुकीचं म्हणूनसुद्धा फळ्यावर लिहू नका; डोळ्यांत तेच बसतं. ‘अ’ गळला तर सोडून द्या, अर्थ कळतो.

खरा वेळ द्या तो ‘कफ’ला. आपला कफ छातीत साठतो, इंग्रजी कफ म्हणजे खोकला. आजोबा ‘आय हॅव कफ’ म्हणाले तर डॉक्टर खोकला समजणार आणि छातीत साठलेल्याची गोष्ट राहूनच जाणार. त्यासाठी ‘म्यूकस’ शिकवा. तसंच ‘आय हॅव बीपी’ : बीपी सगळ्यांनाच असतं, ‘हाय ब्लड प्रेशर’ म्हणायला हवं. ‘शुगर’ऐवजी डायबिटीस, ‘लूज मोशन’ऐवजी डायरिया. पित्ताने छातीत जळजळतं ते हार्टबर्न. नावात हार्ट असलं तरी हा हृदयाचा आजार नव्हे, हे स्पष्ट सांगा. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात, हेही वहीत लिहून द्या.

‘सिन्स टू डेज’ ही चूक हटकून होते, कारण मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च. मोजलेल्या काळाला ‘फॉर’ : फॉर टू डेज. सुरुवातीच्या वेळेला ‘सिन्स’ : सिन्स मंडे. सरावासाठी प्रत्येकाला चिठ्ठी द्या, तीवर मराठीत तीनच गोष्टी : कुठे, कधीपासून, कसं. ‘कसं’साठी ठणकतंय म्हणजे थ्रॉबिंग, टोचतंय म्हणजे स्टॅबिंग, आग होतेय म्हणजे बर्निंग. डॉक्टर झालेल्याने ‘हाऊ लाँग हॅव यू हॅड इट?’ विचारायचंच. हा प्रश्न कानावरून गेलेला नसेल तर पाठ केलेलं उत्तर तिथे सुचत नाही.

सल्ल्याचं म्हणाल तर, ‘झोप जरा, काढा घे’ यात आपल्याकडे माया असते. तेच शब्दशः इंग्रजीत गेलं की रोखठोक वाटतं. ‘यू शुड रेस्ट’ आणि ‘व्हाय डोन्ट यू सी अ डॉक्टर?’ एवढी दोन वळणं पुरेत. ‘शुड’नंतर ‘टू’ घालू देऊ नका. ‘हॅड बेटर’ इतक्यात नको, त्यात ‘नाहीतर बघ’ असा धाक असतो.

शेवटची दहा मिनिटं रोज एकाच गोष्टीसाठी राखा : तातडीच्या मदतीचा फोन. नंबर अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999 आणि ‘ही हॅज चेस्ट पेन’, ‘शी कान्ट ब्रीद’ ही वाक्यं, त्यापाठोपाठ मुलाच्या घरचा पूर्ण पत्ता, कागद न बघता.