निवृत्तीनंतर लगेच खासगी नोकरी? आधी एवढं बघा

अभिनंदन! तुम्ही केंद्राच्या गट 'अ' मधून निवृत्त होताय, म्हणून त्याच नियमांबद्दल सांगतो. राज्य सेवेचे नियम वेगळे.

निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी धरायची, तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. 'पूर्व' हा शब्द नीट लक्षात ठेवा. काही जण आधी रुजू होतात आणि मग अर्ज करतात. तसं करू नका, पेन्शनचा काही भाग किंवा सगळीच रोखली जाऊ शकते.

दुसरी चूक जास्त फसवी: "मी नोकरी कुठे करतोय, सल्लागार आहे." सरकारी कामातल्या अनुभवावर सल्ला विकणं, किंवा कंपनीसाठी सरकारी कार्यालयांत पाठपुरावा करणं, हेही नोकरीतच मोजतात, स्वतःच्या घरातून केलं तरी. नेमणूकपत्रात 'शासकीय समन्वय' असं दिसलं तर तिथेच थांबा आणि विचारा.

- शेवटच्या तीन वर्षांत कुठल्या कंपन्यांच्या फायली हाताळल्या, ते आजच लिहून काढा.
- अर्जात पगार आणि कामाचं स्वरूप खरंखुरं लिहा.
- जुन्या सहकाऱ्याला "आमची फाईल जरा बघ" असा फोन कधीच नको. तो बिचारा नाही म्हणू शकत नाही.

सरकारी उपक्रमातल्या नोकरीला ही अट नाही. बाकी बारकावे ऑफर हातात आल्यावर बघू. घाबरू नका, परवानगी मिळू शकते.