बेदाण्याच्या लिस्टिंगला मिळालेल्या कमी गुणांविषयी

निफाडचा बेदाणा ऑनलाइन विकायला ठेवल्यावर लिस्टिंग (म्हणजे संकेतस्थळावरील तुमच्या वस्तूचे पान) तपासणाऱ्या साधनाने शंभरपैकी जेमतेम निम्मे गुण दिले, म्हणून खचू नका. ही साधने प्रामुख्याने शीर्षकाची लांबी, छायाचित्रांची संख्या आणि रिकामे रकाने मोजतात. माल कसा आहे, हे त्यांना कळत नाही.

सुरुवात रकान्यांपासून करा. निव्वळ वजन, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक ही माहिती नियमानुसार द्यावीच लागते. शिवाय वजन केवळ वर्णनात लिहून रकाना मोकळा सोडला, तर ५०० ग्रॅमचा फिल्टर लावणाऱ्या ग्राहकाला तुमचे पाकीट बहुधा दिसणारच नाही.

त्यानंतर मुख्य छायाचित्र पाहा. अॅमेझॉनच्या नियमानुसार त्याची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी आणि वस्तूने किमान ८५ टक्के चौकट व्यापायला हवी. द्राक्षबागेचे दृश्य (मोह होतोच!) दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

नवखे विक्रेते गुण वाढवण्यासाठी शीर्षकात ‘बेदाणा किसमिस काळा मनुका’ असे सारेच शब्द कोंबतात. मग काळा मनुका हवा असलेला ग्राहक पिवळा बेदाणा पाहून पाकीट परत पाठवतो. दुसरी चूक म्हणजे एकाच दिवशी सगळे बदलणे, कारण विक्री नेमकी कशामुळे हलली, हे मग समजत नाही. एक बदल करा, दोन आठवडे पानाला मिळणाऱ्या भेटी आणि विक्री पाहा. दोन साधनांच्या गुणांची तुलना करू नका, कारण प्रत्येकाचे निकष वेगळे असतात. ग्राहक शोधतात ते शब्द (कीवर्ड) सुचवणाऱ्या सशुल्क साधनांचा विचार तूर्त नको.