मदतीवरच्या फौजेची सज्जता कशी जोखायची?

प्रश्न : कागदोपत्री अफगाणिस्तानकडे सैनिक आणि पोलीस मिळून सुमारे ३ लाखांची फौज होती. तरी ६ ऑगस्ट २०२१ ला निमरोझ प्रांताची राजधानी झरंज तालिबानच्या हाती पडलं आणि १५ ऑगस्टला काबूल. परदेशी मदतीवर उभ्या असलेल्या सैन्याची लढाऊ सज्जता ठरवताना मग पाहायचं तरी काय?

उत्तर : सुरुवात माणसं मोजण्यापासूनच करा, पण एका आकड्यावर थांबू नका. चार आकडे मागा : मंजूर किती, पटावर किती, आज ठाण्यात हजर किती, आणि हजर असलेल्यांपैकी हत्यार घेऊन गस्तीवर जाऊ शकतील असे किती. वर्तमानपत्रात येतो तो बहुधा पहिला किंवा दुसरा आकडा. लढाई होते ती चौथ्यावर.

हा चौथा आकडा कमांडरला विचारून मिळत नाही. पगार त्याच्या हातून वाटला जात असेल, तर पळून गेलेल्या सैनिकाचं नाव पटावर ठेवण्यात त्याचा थेट फायदा असतो. नाव कमी केलं की पगारही जातो आणि शिधाही. इराकमध्ये १० जून २०१४ ला मोसूल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं. त्यानंतर नोव्हेंबरअखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी जाहीर केलं, की सैन्याच्या चार डिव्हिजनमध्ये (मोठ्या तुकड्यांमध्ये) मिळून ५० हजार सैनिक फक्त कागदावर आहेत. म्हणून हजेरीपट एकटा वाचू नये. बँकेत जमा झालेले पगार, उचललेला शिधा आणि क्रमांकानुसार दिलेल्या रायफली या तीन नोंदी त्याच्या शेजारी ठेवाव्यात आणि न कळवता पहाटे मोजणी करावी. कुठल्याही दोन नोंदींत मोठी तफावत दिसली, तर त्यातला लहान आकडा धरा. पगाराची वाट बदलली की काय उघड होतं, हे अफगाणिस्तानच्या वर्दक प्रांतात २००९ मध्ये दिसलं. तिथे पोलिसांचा पगार प्रयोगादाखल थेट मोबाइलवर जमा होऊ लागला, तेव्हा काहींना पगारवाढ झाल्यासारखं वाटलं. खरं तर त्यांना प्रथमच पूर्ण पगार मिळत होता. आधी सुमारे ३० टक्के मधल्यामध्ये गळत होते.

दुसरी पायरी यंत्रसामग्रीची. ‘किती हेलिकॉप्टरं आहेत’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारा : दुरुस्ती कोण करतं, सुटे भाग कुठून येतात, आणि त्यांचं बिल कोण भरतं? अफगाण हवाई दलाचे तंत्रज्ञ रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांची बहुतांश देखभाल स्वतः करत. त्यांच्या जागी अमेरिकेने ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं दिली आणि ती जवळपास पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांवर अवलंबून राहिली. कंत्राटदार निघाले की विमानं आणि हेलिकॉप्टरं काही महिन्यांपलीकडे लढण्याजोगी राहणार नाहीत, असा इशारा अमेरिकेचे अफगाण पुनर्बांधणीवरील विशेष महानिरीक्षक, म्हणजे सिगार, यांच्या अहवालातून २०२१ च्या सुरुवातीलाच आला होता. दूरच्या चौक्यांना गोळ्या, अन्न आणि जखमींना हलवण्याची सोय हवाई मार्गानेच मिळत होती. त्यामुळे हेलिकॉप्टर जमिनीवर बसलं की चौकीही गेलीच.

साठ्याचा हिशेब दिवसांत करा. समजा, १५५ मिमीच्या ६ तोफांची बॅटरी, म्हणजे तोफखान्याची तुकडी, आहे आणि खऱ्या लढाईत प्रत्येक तोफ दिवसाला ६० गोळे डागते. रोजचे झाले ३६० गोळे. साठा ७,२०० असेल तर २० दिवस पुरेल. एका गोळ्याचं वजन सुमारे ४३ किलो, म्हणजे नुसत्या गोळ्यांचंच रोज साडेपंधरा टन. पाच टनी चार ट्रक त्यातच गेले. चार्ज (गोळा फेकणारी दारू), फ्यूज (गोळा फोडणारी कळ) आणि खोकी अजून बाकी आहेत. हे ट्रक, त्यांचं डिझेल आणि रस्त्याचं संरक्षण फौजेकडे स्वतःचं नसेल, तर २० दिवसांचा साठा आघाडीवर दोनच दिवसांचा ठरू शकतो. इथे नेहमीची चूक म्हणजे खर्चाचा वेग सरावातून किंवा शांततेच्या महिन्यातून घेणं. साठा राजधानीच्या डेपोत आहे की तोफेजवळ, हीसुद्धा वेगळी नोंद हवी.

शेवटी प्रत्येक बाबीपुढे एकच गोष्ट लिहा : मदत उद्या थांबली, तर हे किती दिवस चालेल? पगार, इंधन, सुटे भाग, टेहळणी, जखमींची वाहतूक. साऱ्यांची सरासरी काढू नका. सर्वांत लहान आकडा हीच फौजेची खरी मुदत.

प्रश्न : मदत देणारे देश स्वतःच तुकड्यांना श्रेणी देतात. तिच्यावर विसंबावं का?

उत्तर : आधार म्हणून वापरा, पण निकाल समजू नका. सल्लागार स्वतः घडवलेल्या तुकडीला गुण देतो आणि त्याची नेमणूक ठरावीक महिन्यांची असते. प्रगती दाखवण्याचा दबाव उघडच आहे. अफगाणिस्तानात सुरुवातीच्या पद्धतीत भरती, सामान आणि प्रशिक्षण यांनाच जास्त वजन होतं. वरची श्रेणी मिळालेल्या तुकड्या पुढे घसरल्याचं सिगारच्या २०१० च्या तपासणीत आढळलं. नंतरच्या पद्धतीत सर्वोच्च श्रेणी ‘स्वतंत्र’ होती, ती बदलून ‘सल्लागारांसह स्वतंत्र’ करण्यात आली. मोजपट्टी अशी मध्येच बदलली, की आधीच्या वर्षाशी तुलनाच संपते. म्हणून श्रेणीबरोबर तारीख, व्याख्या आणि तपासणाऱ्याचं नातं नोंदवा. सहा महिन्यांहून जुनी श्रेणी आम्ही तरी धरणार नाही.

प्रश्न : युक्रेनही मदतीवरच लढतो. मग तो का टिकला?

उत्तर : कारण सगळं उसनं नाही. सैनिकांचा पगार मुख्यतः देशाच्या स्वतःच्या महसुलातून जातो, ड्रोन आणि बोहदाना तोफा देशातच बनतात. तरीही अवलंबित्व खरं आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात अमेरिकी मदत अडकली, तोफगोळ्यांची टंचाई झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वेकडचं आव्दिईवका शहर सोडावं लागलं. पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेची क्षेपणास्त्रं तर बाहेरूनच येतात. एकाच फौजेत ड्रोन स्वावलंबी आणि हवाई संरक्षण परावलंबी असू शकतं, म्हणून एकच शेरा देण्याऐवजी बाबवार लिहावं.

प्रश्न : सामान्य अभ्यासकाला हे आकडे कुठे मिळणार?

उत्तर : मदत देणाऱ्याच्या लेखापरीक्षणात. सिगार अमेरिकी काँग्रेसला दर तिमाहीला अहवाल देत असे. त्यात भरती, गळती आणि विमानांची स्थिती येई. कुठला आकडा अचानक गोपनीय होतो, यावर बारीक लक्ष ठेवा. २०१७ मध्ये अफगाण फौजेचं संख्याबळ आणि जीवितहानी सार्वजनिक करणं थांबवण्यात आलं, २०१९ मध्ये कोणते जिल्हे सरकारच्या आणि कोणते तालिबानच्या ताब्यात, याचं मोजमापच बंद झालं. असं घडलं की शेवटच्या चार-पाच उघड तिमाही एका तक्त्यात मांडा, घसरणीचा वेग काढा आणि खंडन करणारा पुरावा मिळेपर्यंत तोच वेग चालू आहे असं धरा.