चार्ज शिल्लक, तरी ट्रॉली बंद

प्रश्न : तुर्भ्याला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वाशीच्या एपीएमसी मार्केटसाठी एक टन माल नेणारी बॅटरीवरची ट्रॉली बनवतोय. १०० एएचचे (अँपिअर-तास) १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सीरिजमध्ये आहेत, बीएमएसचा (सेलवर नजर ठेवून गरज पडल्यास बॅटरी तोडणाऱ्या सर्किटचा) कट-ऑफ प्रति सेल २.८ व्होल्ट. सपाटीवर मस्त चालते. रॅम्पवर करंट ८० अँपिअरला गेला की बंद पडते. डिस्प्लेवर ७० टक्के चार्ज असतो. १५० एएचचे सेल घ्यावेत का?
– एक वाचक, तुर्भे

उत्तर : इतक्यात खर्च करू नका. रबाळ्याला मी पॅक जुळवते, आणि अशा तक्रारीत माझा पहिला संशय सेलवर नसतो, जोडावर असतो.

तुम्ही ५१.२ व्होल्टची एक बॅटरी बघताय. बीएमएस मात्र सोळा सेल वेगवेगळे बघतो. त्यातला एक जरी २.८ च्या खाली दिसला, तरी तो अख्खा पॅक तोडतो. आता बसबारचा, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा, एखादा जोड सैल असेल आणि तिथे ५ मिलिओहम रोध असेल, तर ८० अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच पडतात. बीएमएसची व्होल्टेज मोजणारी सेन्स वायर त्या जोडाच्या पलीकडे बसवली असेल, तर ३.१५ व्होल्टचा धडधाकट सेल बीएमएसला २.७५ चा दिसतो. शिवाय त्या एवढ्याशा जागेत ३२ वॅट उष्णता तयार होते. मला काळजी त्याची जास्त वाटते.

ट्रॉली उभी असताना मोजून काही कळणार नाही. करंटच नसेल तर जोडावर व्होल्टेज पडणार कुठून? शिवाय एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं. चाकांना अडण लावा, लोड द्या आणि मल्टिमीटरची एक पिन सेलच्या टर्मिनलवर, दुसरी बसबारवर टेकवा. सोळाही सेलच्या दोन्ही टोकांना हे करा. बाकीच्यांपेक्षा आकडा जास्त आला, तो जोड उघडा. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर ऑक्साइडचा थर धरतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढा, लगेच बसबार बसवा आणि डेटाशीटमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा, पान्याला इन्सुलेशन हवंच. या सेलचा अंतर्गत रोध एक मिलिओहमच्याही खाली असतो. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात.

सगळे जोड चांगले निघाले आणि तरीही एकच सेल लोडखाली खाली बसत असेल, तर तो सेल कमजोर आहे. तेवढाच बदला, पण क्षमता आणि अंतर्गत रोध बाकीच्यांशी जुळणारा घ्या.

डिझाइनमध्ये एक बदल मात्र नक्की करा. खोक्याचं झाकण वेल्डिंगने बंद करू नका. गॅस्केट लावून बोल्टचं ठेवा, म्हणजे पावसाळ्यानंतर प्रत्येक जोड तपासता येईल. आणि घरच्या बोर्डावरचा एसीचा एमसीबी मेन स्विच म्हणून वापरू नका. डीसीचा करंट एसीसारखा शून्यातून जात नाही, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी, म्हणजे आर्क, सहज विझत नाही. पॅकच्या पॉझिटिव्हला अगदी लागून डीसी रेटिंगचा फ्यूज घाला.