पाटीखालचा माणूसही फ्रेममध्ये येऊ दे

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले आपल्या बेळगावातल्या दुकानांच्या पाट्यांचे चाळीस फोटो दोन रात्री बसून पाहिले. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, सगळं ओळखीचं. तुझी नजर चांगली आहे. पण चाळीसपैकी तीस फोटोंत नुसती अक्षरंच दिसतात. दुकान कसलं, गल्ल्यावर कोण बसलंय, समोर रस्ता आहे की बोळ, काही कळत नाही. मीही अशीच बरीच वर्षं घालवली, म्हणून तुला वेळीच सांगतोय.

शहापुरात एका साडीच्या दुकानावर एनॅमल पेंटची जुनी पाटी होती. ‘बेळगांव’ या शब्दात ‘गां’वर ठसठशीत अनुस्वार, पिवळ्या अक्षरांना लाल सावली. मी जवळ जाऊन तेवढाच शब्द टिपला आणि आलो. महिन्याभराने गेलो तर तिथे फ्लेक्स लागलेला. फोटो आजही माझ्याकडे आहे. त्याच्यामागे ना दुकानाचं नाव लिहिलंय, ना गल्ली, ना तारीख. ती पाटी कुठल्या पेंटरने रंगवली, हे सांगणारंही आता कुणी राहिलं नाही. त्याची हळहळ अजून जात नाही.

तेव्हा आधी रस्त्याच्या पलीकडून आख्खं दुकान घे. पायरी, चपला, टेकवलेली सायकल, सगळं येऊ दे. मग पाटी सरळ समोरून. अक्षरं हवीत तर सगळ्यात शेवटी. फोनची वाइड लेन्स वापरू नकोस, कडेची अक्षरं ताणली जातात. चार पावलं मागे जा. पांढऱ्या फ्लेक्सला कॅमेरा फसतो आणि फोटो करडा येतो, तिथे एक्स्पोजर थोडं वाढव. रंगवलेल्या भिंतीला मात्र सकाळचं तिरपं ऊन लागतं. त्या उन्हात ब्रशचे फटकारे उठून दिसतात, आणि नशीब असेल तर चुन्याच्या थराखालची आधीची जाहिरातही डोकावते. निपाणीच्या वाटेवर तंबाखूच्या वखारींच्या भिंती अशाच बघत जा.

कधी एखादा हाताने रंगवणारा पेंटर भेटला तर फोटो राहू दे, आधी तासभर बस. डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून तो रेघ ओढतो. देवनागरीला आधी खडूचा दोरा ताणून शिरोरेघ मारतो आणि अक्षरं तिला खाली टांगत जातो. कन्नडला तशी सलग रेघ नाही, प्रत्येक गोल अक्षराला स्वतःची जागा द्यावी लागते. दोन्ही लिप्या एकाच हाताने तितक्याच प्रेमाने काढणारी माणसं आपल्या गावात होती, काही अजून आहेत. माझ्या मते सीमाभागाचं खरं वैभव ते हात आहेत, आणि त्यांचे फोटो कुणीच काढले नाहीत.

आता नाजूक गोष्ट. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आपल्याकडे पाटीवर कुठली लिपी, केवढी, वर की खाली, हा जिवाचा प्रश्न आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी गावाचं नाव ‘बेळगावी’ झालं. कर्नाटकच्या २०२४ च्या कायदादुरुस्तीने फलकाच्या वरच्या भागात ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं. जुन्या पाटीवर नवी कन्नड पट्टी, खाली आखडून बसलेलं मराठी, कोपऱ्यात इंग्रजी, अशी पाटी दिसली की कापाकापी न करता आख्खी घे. मराठी अक्षर उतरताना माझ्याही पोटात तुटतं, ते लपवणार नाही. पण दुकानदाराला विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकायचा नाही. तुझ्या एका पोस्टमुळे उद्या त्याच्या दारात चार लोक उभे राहिले, तर ते निस्तरायला तू तिथे नसशील. १ नोव्हेंबरला एकीकडे कन्नड राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅमेरा घरीच ठेव. एरवीही दुकानदार म्हणाला ‘नको रे बाळा’, तर चहा पिऊन ये.

वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सना नाक मुरडू नकोस. तालमीतली पोरं, मंडळाचे अध्यक्ष, गेलेली आजी, सगळी गल्ली त्यांच्यावर असते आणि चार दिवसांत तोच फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर पाऊस अडवत असतो. तो गोठ्यावरचाही काढ.

दिवाळी झाली की ये. वडगावात एका पिठाच्या गिरणीची जुनी लाकडी पाटी उतरवणार आहेत. मालकाशी बोलून ठेवलंय, पाटी तो जळणात घालणार नाही. सकाळी आठच्या आत पोचायचं, नंतर तिच्यावर समोरच्या इमारतीची सावली पडते. वही-पेन घेऊन ये.

तुझा,
काका